शेजारचा रंग

“आई, तुला आवडेल तो रंग घे,” ग्युवॉन फोनवर म्हणाला, आणि पाण्याच्या भांड्यात ब्रश खळबळणारा चोंगरिमचा हात जिथल्या तिथे थांबला. वाक्य साधं होतं. कुठलाही मुलगा आपल्या लग्नाच्या वेळी आईला असं म्हणेल आणि कुठलीही आई खूश होईल. फक्त ती आई सोलची नसावी. सोलमध्ये नवऱ्यामुलाच्या आईला आवडनिवड नसते. तिने निळा हानबोक, म्हणजे पारंपरिक पोशाख, घालायचा, नवरीच्या आईने गुलाबी. दोघींनी हातात हात घालून भरल्या हॉलमधून पुढे जायचं, हिने निळी मेणबत्ती लावायची, तिने तांबडी, एकमेकींना वाकून नमस्कार करायचा आणि पहिल्या रांगेतल्या मानाच्या खुर्च्यांवर जाऊन बसायचं. निळ्याच्या छटा हव्या तेवढ्या निवडा, पण निळ्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. आवडेल तो रंग मावश्या घालतात, आत्या घालतात, शेजारणी घालतात. “बरं, बघते,” ती फोनवर म्हणाली, आणि आपला आवाज किती नीट निघाला याचंच तिला नवल वाटलं. समोर मुलं मान खाली घालून रंगचक्र रंगवत होती. चित्रकलेच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा द्यायला निघालेली ही पोरं दरवर्षी बदलायची, चक्र मात्र तेच: लाल, पिवळा, निळा, त्यांच्यामध्ये त्यांची पोरंबाळं, आणि प्रत्येक रंगाच्या बरोबर समोर त्याचा उलटा रंग. “मॅडम, माझा हिरवा मेला का हो?” कोपऱ्यातली एक मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. चोंगरिम उठून तिच्या कागदाशी गेली. “मेला नाही. शेजारी काय ठेवलंयस बघ. ह्या हिरव्याच्या बाजूला एवढा भडक हिरवा थापलास, तर तो बिचारा कशाला तोंड दाखवेल?” मुलगी हसली. चोंगरिम परत खुर्चीत येऊन बसली, आणि ब्रश धुतलेलाच होता तरी पुन्हा धुवायला लागली.

रविवारी ग्युवॉन स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आला, तेव्हाच तिने ओळखलं की हा काहीतरी मागायला आलाय. तो लहानपणीही मागायच्या आधी काहीतरी द्यायचा, चिकट हातातली गोळी, नाहीतर शाळेत मिळालेला तारा. स्ट्रॉबेरी धुऊन झाल्या, देठ काढून झाले, तरी त्याचं तोंड उघडेना. शेवटी तीच म्हणाली, “पुसानची आई येणार ना लग्नाला?” त्याला जन्म देणाऱ्या बाईचा विषय ह्या घरात निघताच तो दचकला. मग खाली बघत म्हणाला, “तिचं लिव्हर गेलंय, आई. डॉक्टर म्हणतात, पानगळ बघेल की नाही सांगता येत नाही. तिने काही मागितलं नाही हं, खरंच. मलाच वाटलं, एकदा त्या खुर्चीत बसू दे तिला. निळी मेणबत्ती लावू दे.” चोंगरिमने मान हलवली. “तू काय, तू तर आहेसच,” तो घाईघाईने म्हणाला, आणि ते ‘आहेसच’ तिच्या काळजात कुसळासारखं जाऊन रुतलं. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, हे तिला दिसत होतं, आणि म्हणूनच ते काढताही येत नव्हतं. कागदाचा पांढराही असाच असतोच. चित्रात कुणी त्याला रंग म्हणून मोजत नाही. “आणि अजून एक,” ग्युवॉन म्हणाला, “तिला रंगातलं काही कळत नाही गं. काहीतरी भलतंच घेऊन बसेल. तू जाशील तिच्याबरोबर? तूच निवड. तुझ्यासारखी नजर कुणाची आहे?” चोंगरिम हसली. तिला खरोखरच हसू आलं. एवढ्या मोठ्या शहरात हे काम सांगायला ह्या मुलाला दुसरं कुणी सापडलं नव्हतं. “जाईन की,” ती म्हणाली.

तो गेल्यावर ती बराच वेळ ओट्याशी उभी होती. हा मुलगा पहिल्यांदा ह्या घरात आला तेव्हा सहा वर्षांचा होता, आणि जेवायला नाही म्हणायचा, बोलायला नाही म्हणायचा, बूट काढायलासुद्धा नाही म्हणायचा. त्याचा बाप, चोंगरिमचा नवरा, चांगला माणूस होता, पण चांगल्या माणसांना असतो तसा पळून जायचा गुण त्याच्यात होता. तो ऑफिसला पळाला, आणि ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून रंग काढले. पोराने अधाशासारखे सगळे रंग एकात एक कालवले आणि जे झालं ते बघून भोकाड पसरलं. चिखल झाला होता. “बिघडलं,” तो पहिला शब्द बोलला. तिने त्या चिखलाचा एक ठिपका पिवळ्या कागदावर टाकला आणि तोच चिखल जांभळट दिसायला लागला. दुसरा ठिपका निळ्या कागदावर टाकला, तर तो विटकरी पिवळा. “बिघडलेलं काही नसतं,” ती म्हणाली, “त्याच्या शेजारी कोण आहे ते बघायचं.” पोर रडायचं विसरलं. संध्याकाळभर तो घरभर हिंडून तो चिखल कशाकशावर लावून बघत होता, उशीच्या अभ्र्यावर, फ्रिजवर, तिच्या पायाच्या अंगठ्यावर. झोपताना त्याने विचारलं होतं, “तू माझ्या शेजारी बसलीस की मी कुठला रंग होतो?” तिने काय उत्तर दिलं होतं, ते आता तिला काही केल्या आठवेना. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, विचारायला दुसरं कुणी नव्हतं. स्ट्रॉबेरीचे देठ ताटलीत तसेच पडले होते.

ग्वांगजांग बाजारातल्या वरच्या मजल्यावर, कापडांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत ती दुकानापाशी पोचली तेव्हा पिलसून, ग्युवॉनची ती दुसरी आई, आधीच येऊन बसली होती. पुसानहून पहाटेची गाडी पकडून आली असावी. चोंगरिमला पाहताच ती धडपडत उठली आणि इतकी खाली वाकली की दुकानवालीने हातातली फूटपट्टी बाजूला ठेवली. इतकी वर्षं चोंगरिमच्या मनात ह्या बाईचा एक चेहरा होता, लिपस्टिक लावलेला, मूल टाकून निघून जाणाऱ्या बाईला शोभेल असा. समोर होती ती आखूड केसांची, फुगलेल्या पोटाची, बारक्या हातांची एक बाई. तोंडावरचा मास्क काढला तेव्हा तिची कातडी जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी होती, आणि डोळ्यांचं पांढरंसुद्धा पांढरं नव्हतं. “मला ह्यातलं काही कळत नाही हो, ताई,” पिलसून म्हणाली. “सगळा जन्म मासळीबाजारात गेला. काळे गमबूट आणि लाल हातमोजे, एवढेच माझे रंग. तुम्ही बोट ठेवाल तो घेते.” दुकानवालीने निळ्यांचा ढीग उलगडला आणि एकेक कापड तिच्या हनुवटीखाली धरायला सुरुवात केली. तिथे चोंगरिमला ते दिसलं. ते दिसायला तिला प्रयत्न करावा लागला नाही, दुसऱ्या कुणाला तोंडावरचा डाग दिसावा तसं दिसलं. पाण्यात ठेवलेल्या जेडच्या खड्यासारखा एक हिरवट निळा होता; तो हनुवटीखाली आला आणि पिलसूनच्या गालांवर कुठूनसं रक्त आलं, ती चक्क तरतरीत दिसायला लागली, कारण हिरवट निळ्याच्या समोर तांबूस असतो आणि डोळा तो तांबूस शेजारच्या चेहऱ्यावर नेऊन सांडतो. मग दुकानवालीने दोराजीच्या रानफुलाचा जांभळट निळा धरला. सुरेख रंग, डोंगरावर दिसला तर माणूस थांबेल असा. पण जांभळट निळ्याच्या बरोबर समोर पिवळा. पिलसूनच्या चेहऱ्यातलं होतं नव्हतं ते सगळं पिवळं त्या कापडाने खेचून वर आणलं. डोळे खोल गेले, ओठ मातीचे झाले. क्षणभर चोंगरिमला वाटलं, आपण प्रेत बघतोय.

“हा,” ती म्हणाली. दुकानवाली घुटमळली. “अहो बाई, पण तो मघाचा हिरवट जास्त…” “ह्या दिव्यात तसं वाटतं,” चोंगरिम शांतपणे म्हणाली, “लग्नाच्या हॉलमधला उजेड वेगळा असतो. मी हेच शिकवते.” ती असं बोलली की दुकानवालीचं तोंड बंद झालं. विद्या अशीही वापरता येते, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि कळल्याचा एक गोड, गलिच्छ आनंदही झाला. तो नाकारण्यात अर्थ नाही. मंचावर सगळ्यांच्या देखत निळी मेणबत्ती लावा म्हणावं. बसा म्हणावं त्या खुर्चीत. बघू देत लोकांना, कोण बसलंय. पिलसूनने कापड दोन्ही हातांनी गळ्याशी धरून आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच त्याची नीट घडी घातली आणि म्हणाली, “छान आहे.” निघताना तिने पिशवीतून वाळवलेल्या बारीक मासळीचं पुडकं काढलं. “आमच्याकडची आहे. मुलाला लहानपणी आवडायची. अजून आवडते का, ते तुम्हालाच ठाऊक.” चोंगरिमने दोन्ही हातांनी पुडकं घेतलं, कारण असं काही एका हाताने घेत नाहीत.

ते पुडकं ओट्याच्या वरच्या फडताळात जाऊन बसलं आणि सगळ्या घराला समुद्राचा वास यायला लागला. चोंगरिमने ते दोनदा डब्यात हलवलं, एकदा गॅलरीत ठेवलं, वास गेला नाही. टाकून देणं तिला जमेना आणि शिजवणंही जमेना. घरात, रस्त्यात तिला पिवळं दिसायला लागलं. दात घासताना आरशातलं आपलं बोट पिवळं, बसमध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याची मान पिवळी, नवऱ्याच्या जुन्या फोटोचा कोपरा पिवळा. ती मनाशी हिशेब मांडायची: ताप आले तेव्हा रात्री कुणी काढल्या, शाळेत मारामारी केली तेव्हा मास्तरांपुढे मान खाली कुणी घातली, लष्करातून पहिल्या सुट्टीला तो आला तेव्हा दारात कोण उभं होतं. सगळी उत्तरं तिच्याच बाजूने निघायची. मग ती उशीवर डोकं टेकायची, आणि अंधारात एक बाई कापडाची घडी घालताना दिसायची. इतक्या हळू का घातली तिने घडी? एखाद्या दिवशी तिला अगदी स्वच्छ वाटायचं की आपण काहीच केलेलं नाही. निळा सांगितला, निळा निवडला. कुठल्या कोर्टात हे उभं राहील? पण आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं, ते न पाहिल्यासारखं करायची सोय माणसाला नाही, आणि रंग शिकवणाऱ्या माणसाला तर मुळीच नाही.

वर्गात शेजाररंगांचा धडा आला. दरवर्षी येतो. एकाच राखाडीचे दोन चौकोन कापून दोन वेगळ्या रंगांवर चिकटवायचे आणि मुलांना विचारायचं, हे एकच आहेत का? मुलं छातीठोकपणे नाही म्हणतात, मग ती कागद उलटा करून दाखवते आणि वर्गात गलका होतो. ह्या वेळी तिच्या हाताने राखाडी उचललाच नाही. फिकट मातकट पिवळ्याचे दोन तुकडे तिने कापले आणि एक जेडच्या हिरवट निळ्यावर, एक जांभळट निळ्यावर चिकटवला. “काय दिसतं?” “हा बरा आहे, मॅडम,” तीच कोपऱ्यातली मुलगी म्हणाली, “आणि हा आजारी आहे.” “आजारी नाही, मेलाय मेलाय,” कुणीतरी म्हणालं, आणि मुलं हसली. चोंगरिम मुलांकडे पाठ करून फळा पुसायला लागली. तास संपायच्या आत तिने दुकानवालीला फोन केला. “अहो, बेतून, कापून, शिवूनसुद्धा झालं,” दुकानवाली म्हणाली. “आता रंग बदलायचा म्हणजे माणूस बदलायला हवा. तुम्हीच म्हणालात ना, हॉलचा उजेड वेगळा असतो?” तिच्या आवाजातली सुई चोंगरिमला बरोबर लागली. “आणि तुमचं काय? तुम्ही काय घालणार? दिवस थोडे राहिले.” चोंगरिम कॉरिडॉरच्या खिडकीशी उभी होती. कापड बदलता येत नाही. चेहरा बदलता येत नाही. पण चित्रात तिसरी एक जागा असते. पिवळट चेहऱ्याच्या शेजारी त्याहून पिवळाजर्द काही ठेवलं, तर त्या चेहऱ्याचा पिवळेपणा डोळ्याला दिसेनासा होतो. सगळं पिवळं तो शेजारी स्वतःच्या अंगावर घेतो. “पिवळा,” ती फोनमध्ये म्हणाली, “तुमच्याकडे असेल त्यातला सगळ्यात भडक.” “बाई, तुमच्या रंगाला तो उठून नाही हो दिसणार. म्हातारं दिसाल, आजारी दिसाल.” “माहीत आहे,” चोंगरिम म्हणाली, “मी हेच शिकवते.”

मे महिन्यातल्या शनिवारी हॉलमध्ये शिरताच नणंदेने तिला खालीवर न्याहाळलं. “अगं बाई, वहिनी! मुळ्याचं लोणचं गुंडाळून आलीस की काय?” काळ्या शेवयांबरोबर हॉटेलात वाटीभर मिळतं त्या पिवळ्या लोणच्याचा तो रंग होता खरा. आजूबाजूच्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. चोंगरिम दुसऱ्या रांगेत बसली. दार उघडलं, बाजा सुरू झाला, आणि गुलाबीतली नवरीची आई आणि निळ्यातली पिलसून हात धरून चालत आल्या. वरून पांढरा झगझगीत उजेड. चोंगरिमने जे दुकानात पाहिलं होतं, ते आता दोनशे माणसं बघत होती. “बरं नाही का तिला?” मागे कुणीतरी कुजबुजलं. “बघवत नाही गं.” निळी मेणबत्ती पेटेना, नवरीच्या आईने पिलसूनच्या मनगटाला आधार दिला. मग ग्युवॉन आणि त्याची बायको त्या खुर्चीसमोर जमिनीवर डोकं टेकून पाया पडली. हा नमस्कार आपला होता, असं चोंगरिमला वाटलं, आणि त्याच क्षणी तिला त्या बाईच्या चेहऱ्यावरून नजर काढता येईना, आणि दोन्हींचा इतका त्रास होत होता की कुठलं दुःख कशाचं, हे तिला वेगळं करता आलं नाही.

घरच्यांचा फोटो काढायला बोलावलं तेव्हा ती कुणाची वाट न बघता मंचावर चढली आणि पिलसूनच्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं. “पिवळ्या काकू, जरा कडेला याल का? रंग फार ओरडतोय तुमचा.” “नाही,” चोंगरिम म्हणाली. “अहो, दुसऱ्या रांगेत घेतो ना तुम्हाला, छान दिसाल.” “मी इथेच उभी राहणार.” ग्युवॉनने मान वळवून पाहिलं. “तसं नव्हे, म्हणजे,” फोटोग्राफर गडबडला, “आपण नात्याने कोण?” तेवढ्यात तिची बाही कुणीतरी धरली. “राहू द्या हो त्यांना,” पिलसून म्हणाली, “ह्यांच्या शेजारी मी बरी दिसते.” फोटोग्राफर पुन्हा कॅमेऱ्यामागे गेला. पिलसून समोर बघत, ओठ जेमतेम हलवत म्हणाली, “आरसा दुकानातही होता, ताई. मला दिसलं होतं. म्हटलं, एवढा तुमचा हक्क आहे.” “सगळ्यांनी हसा,” फोटोग्राफर ओरडला, आणि प्रकाश चमकला.

पिलसून पानगळीच्या आधीच गेली. पुसानला जाणाऱ्या गाडीत चोंगरिमच्या मनात दुःख होतं की भीती, हे तिला ठरवता येत नव्हतं. बहुतेक भीतीच होती. ग्युवॉनने फोनवर सांगितलं होतं, “आईचा दुसरा धड फोटोच नाही गं. लग्नातलाच कापून मोठा करून घेतलाय.” कापून. हे तिच्या ध्यानात कसं आलं नव्हतं? शेजार आहे तोवर रंग खरा. शेजार कापला की उरतो एक पिवळा चेहरा आणि त्याखाली दोराजीचा निळा, आणि पांढऱ्या शेवंतीच्या ढिगात, काळ्या चौकटीत, तीन दिवस येणारेजाणारे त्यालाच नमस्कार करणार. आपण त्या दिवशी दुकानात जे प्रेत पाहिलं होतं, तेच तिथे टांगलेलं असणार. हॉस्पिटलच्या तळघरातल्या शोकघरात पाऊल ठेवताना तिने खाली, स्वतःच्या मोज्यांकडे बघितलं. उदबत्ती पेटवली, हाताने ज्योत विझवली, गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं, आणि मग वर बघण्यावाचून सुटका नव्हती.

फोटोत पिलसून बरी दिसत होती. थोडी दमलेली, थोडी हसऱ्या डोळ्यांची, एखाद्या बाजारकरणीने दुपारी टोपली बाजूला ठेवून क्षणभर बसावं तशी. चोंगरिम गुडघ्यांवरच बसून राहिली. फोटोच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, हाताच्या रुंदीची एक पिवळीजर्द पट्टी तशीच ठेवलेली होती. चोंगरिमचीच बाही. कुणाही परक्याला वाटावं, फोटो नीट कापता आला नाही. “शोकघरातला माणूस म्हणत होता, हे पिवळं काढून टाकू का,” ग्युवॉन तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता, दंडाला मुलाने बांधायची शोकाची पट्टी बांधलेली, दाढी वाढलेली. “मी म्हटलं, राहू दे. ते काढलं की ती आजारी दिसते.” चोंगरिमच्या अंगावर सर्रकन काटा आला. पिवळा कशाला हवा, हे ज्याला कळलं होतं, त्याला दोराजीचा निळा काय करतो, तेही कळलेलं असणार. आणि तो निळा कुणी निवडला, हे तर त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिने मान वर करून त्याच्या चेहऱ्यात ते शोधलं. राग शोधला, माफी शोधली. तिथे रडून सुजलेले डोळे होते, बाकी तिला काही वाचता आलं नाही. ग्युवॉनने वाकून तिच्या काखेत हात घातला आणि तिला उठवलं. “चल आई, रस्सा गरम आहे तोवर दोन घास खाऊन घे,” तो म्हणाला, आणि बुटक्या मेजापाशी आपल्या शेजारची चटई हाताने साफ करून तिला बसायला जागा केली.